भरतीच्या वेळापत्रकावरचे दिवस

समुद्रकिनाऱ्यावर तंबूत राहायला जायची तारीख आम्ही चंद्रावरून ठरवली. वद्य दशमीच्या सुमारास पोचायचं आणि अमावस्या ओलांडून निघायचं, हा दादाचा आग्रह. अंधाऱ्या रात्री म्हणजे भरपूर तारे, हे तर उघडच आहे. पण त्याचं खरं कारण पाण्याशी संबंधित होतं. अमावस्येच्या आगेमागे सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, भरती उंच चढते तशी ओहोटीही लांब जाते, आणि एरवी पाण्याखाली असणारा खडकाळ पट्टा घोटाभर पाण्यातून हिंडत बघता येतो. अष्टमीच्या सुमारास गेलं तर भांगाचं पाणी मिळतं, समुद्र जेमतेम पुढेमागे होतो. किनाऱ्यावर दोन तास काढायचे असतील तर या हिशेबाची गरज नाही. तिथेच राहायचं, झोपायचं, उठायचं असेल तर मात्र सगळा दिवस याच हिशेबावर चालतो.

मला या मुक्कामातून झोप हवी होती. कित्येक महिने मध्यरात्र उलटल्याशिवाय डोळा लागत नव्हता आणि सकाळी अंग जड होऊन जात होतं. आईचे गुडघे दुखतात, तिला रोज पाण्यात डुंबायचं होतं. दादा अशा किनाऱ्यांवर पूर्वी बराच राहिलेला, त्यामुळे तंबू, दोऱ्या, पाणी हे सगळं त्याच्याकडे. जागा होती विषुववृत्तापासून साधारण १० अंश उत्तरेला. पश्चिमेकडे तोंड केलेली लांब पुळण, मागे नारळ, देशी बदाम आणि केवड्याची दाटी. महिना फेब्रुवारी, म्हणजे त्या अक्षांशावर पाऊस नसण्याचे दिवस. कॅम्पसाइटवर गोड्या पाण्याचा नळ, शौचालय आणि तंबूंसाठी आखून दिलेली मोकळी जागा एवढंच होतं, आणि एवढं पुरेसं होतं.

पोचल्यावर दादाने सामान खाली ठेवलं आणि तंबू उघडण्याआधी आम्हाला किनाऱ्यावरून चालवत नेलं. वाळूवर एक वाकडीतिकडी काळपट रेषा दिसत होती. वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, बिया, काटक्या, एखादं बाटलीचं झाकण. भरतीचं पाणी जिथे पोचून मागे फिरतं, तिथे ते हातातलं सगळं टाकून जातं. त्याच्या वर अजून एक अशीच रेषा होती, जुनी, उन्हाने पांढुरकी पडलेली. ती गेल्या उधाणाची.

"मग तंबू त्या वरच्या रेषेच्या मागे ना?" मी विचारलं.

"अजून मागे. मर्यादवेल कुठे सुरू होते ते बघ."

मर्यादवेलीची जाड, दुभंगलेली पानं आणि जांभळी फुलं जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर दिसतात. तिला खारट वारा चालतो, पण जिथे पाणी नेहमी येऊन वाळू ढवळून जातं तिथे ती मुळं धरू शकत नाही. म्हणून जिथे तिचं दाट जाळं सुरू होतं, तिथून मागची वाळू बऱ्याच दिवसांत हललेली नसते. आम्ही तिच्याही आत, झाडांच्या कडेला जागा धरली. नारळाखालची जागा दादाने बघितलीही नाही. फळासकट झावळी खाली आली तर तंबूचं कापड काही अडवणार नाही. बदामाचं एक आडवं पसरलेलं झाड सापडलं, त्याच्या फांद्या तपासल्या, वाळकं लाकूड वर नाही याची खात्री केली.

पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर सावलीचा एक पेच असतो. सकाळी झाडांची सावली समुद्राकडे पडते आणि दहापर्यंत पुळणीवर छान बसता येतं. दुपारी दोननंतर ऊन समुद्राच्या बाजूने तिरपं आत शिरतं आणि झाडाखाली बसलेल्यालाही गाठतं. म्हणून ताडपत्री डोक्यावर आडवी न बांधता समुद्राकडची कड खाली ओढून तिरकी बांधली. खालच्या कडेला कमरेएवढी फट ठेवली, वारा येण्यासाठी. ही एक गोष्ट नीट झाली म्हणून पुढच्या सगळ्या दुपारी सुखाच्या गेल्या, असं मी मनापासून म्हणेन.

वाळूत खुंट्या टिकत नाहीत. कितीही खोल ठोका, रात्री वारा वाढला की सरकून वर येतात. त्याऐवजी आमच्याकडे रिकाम्या कापडी पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवीत वाळू भरायची, तोंड आवळून दोरी बांधायची, कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा करून पिशवी आडवी पुरायची आणि वर ओली वाळू दाबून पायाने तुडवायची. मी एक दोरी दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून ओढून बघितली, जागची हलली नाही. तंबू दोन दारांचा होता, एक समुद्राकडे, एक झाडांकडे. याचं महत्त्व मला रात्री कळलं. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट दिशेने मतलई वारे वाहू लागतात, दिवसाच्या वाऱ्यापेक्षा बरेच मंद. एकाच दाराचा तंबू असता तर अर्धा वेळ कोंडून पडावं लागलं असतं.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती येणार नाही हे मी धरूनच चालले होते. लाटांचा आवाज दुरून एकसारखा वाटतो, पण जवळ पडून ऐकला तर तो मुळीच एकसारखा नसतो. एक लाट मोठी येते, मग तीन लहान, मग मधे एवढी शांतता की आपण पुढच्या लाटेची वाट बघत जागे राहतो. संध्याकाळचा वारा पडला होता, जमिनीकडचा अजून सुटला नव्हता. त्या मधल्या दोन तासांत हवा अगदी जड होते. अंगाला खारटपणा चिकटलेला. बहुतेक लोक याच वेळी ठरवून टाकतात की तंबूत राहणं आपल्याला जमणार नाही. त्यांना मी एवढंच सांगेन की झोपायच्या आधी नळाखाली गोड्या पाण्याने अंग धुवा, कोरडे सुती कपडे घाला आणि मध्यरात्रीपर्यंत धीर धरा. बाराच्या पुढे झाडांकडच्या दारातून पानांचा वास घेऊन पहिली झुळूक आली आणि आईने शेवटी चादर अंगावर ओढली.

सुरुवातीचे दिवस आरामाचे नव्हतेच. हात उगाच फोनकडे जायचा. पुस्तक उघडून चार ओळी वाचायच्या, उठायचं, पाण्याकडे जायचं, परत यायचं. आता काय करायचं हा प्रश्न दर अर्ध्या तासाने. शरीर सुट्टीवर आलेलं असतं, पण मन अजून कामाच्याच तासांवर चाललेलं असतं, आणि याला औषध म्हणून कसला बेत आखला की ते तसंच चालू राहतं. आईला हे बरोबर कळलं होतं. ती म्हणाली, "अगं, तू काही ठरवूच नकोस. पाणी कधी येतंय ते दादाला विचार आणि तसं चल." दादाकडे भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं, ताडपत्रीच्या दोरीला चिमट्याने लावलेलं. मी घड्याळ पिशवीत टाकलं आणि त्या कोष्टकावर दिवस सोडून दिला.

दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे रोज तीच भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. कागदावर वाचताना याचं काही वाटत नाही. तिथे राहताना मात्र दिवसाचा आकारच रोज थोडा सरकतो. पोचलो तेव्हा भरती सकाळी नवाच्या सुमारास होती, त्यामुळे उठून पाणी प्यायचं आणि थेट पोहायला. दुसऱ्या दिवशी दहाच्या जवळ. मग अकराच्या. तोपर्यंत ऊन चढलेलं असायचं, म्हणून भरती पूर्ण व्हायची वाट न बघता चढत्या पाण्यात उतरायचं. ओहोटी सुरुवातीला टळटळीत दुपारी होती, तेव्हा त्या खडकांकडे बघवतही नव्हतं. अमावस्येपर्यंत ती सरकत सरकत पहाटे आणि तिन्हीसांजेला आली, आणि हिंडायची वेळ झाली. रोज ठरलेल्या वेळी काहीच होत नाही, तरी सगळं अगदी नेमाने होतं. या दोन्ही गोष्टी एकदम अंगवळणी पडल्या आणि आता काय करायचं हा प्रश्न पडायचा थांबला.

झोपही त्याच सुमारास बदलली. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश रेंगाळत नाही. बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत हातातलं पुस्तक वाचता येईनासं होतं. आमच्याकडे हेडलॅम्पचा मंद लाल उजेड एवढाच दिवा. मला आठ-साडेआठलाच जांभया यायला लागल्या आणि उजाडायच्या आधी आपोआप जाग यायला लागली, अंग हलकं. याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांच्या गटाने आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, विजेचे दिवे बंद, फक्त सूर्य आणि शेकोटी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत त्यांच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, सुमारे दोन तास आधी वाढू लागल्याचं दिसलं. ते माझ्या वाचनात होतं, पण ते स्वतःच्या अंगात होताना अनुभवणं वेगळं. गोळी न घेता, प्रयत्न न करता झोप येते तेव्हा तिचं मोल कळतं.

दुपारच्या वेळेबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण अशा मुक्कामाची चित्रं बघताना ती दिसत नाही. अकरा ते साडेतीन पुळणीवर जायचं नाही, हा आमचा नियम होता. कोरडी वाळू या वेळी तळपाय भाजेल इतकी तापते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरणं तीव्र झाली असं समजायचं, आणि तिथे सावली दुपारी पायाशी गोळा व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात आकडा ११ वर किंवा त्याच्या पुढे गेला की तो सर्वांत धोक्याचा वर्ग, आणि उष्ण कटिबंधात हा आकडा गाठणं नेहमीचं आहे. आम्ही लांब बाह्यांचे सैल कपडे घातले, पोहतानाही. त्यामुळे सनस्क्रीन फक्त चेहरा, मान, हात आणि पावलांना लागलं. ते निवडतानाही विचार केला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्यं प्रवाळाला अपायकारक असल्याच्या चिंतेतून पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली. आपण ज्या पाण्यात उतरणार त्यात काय सोडतोय एवढं बघायला डबीवरच्या चार ओळी वाचाव्या लागतात, तेवढं प्रत्येकाने करावं.

त्या साडेचार तासांत मी हॅमॉकमध्ये पडून राहायचे. ताडपत्रीच्या फटीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. पाणी दर थोड्या वेळाने प्यायचं, तहान लागायची वाट न बघता. माणशी रोज चार-पाच लिटर हिशेब धरून आम्ही साठा केला होता आणि तो जवळजवळ सगळा संपला. घाम फार झाला त्या दिवशी लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट घेतलं. डोकं जड होण्याच्या आधीच घ्यायचं, नंतर नाही.

पाण्यातल्या वेळेत माझी खरी ओढ आईकडे होती. तिला पोहता येत नाही. भरतीच्या वेळी खडकांच्या आतल्या बाजूला छातीएवढं शांत पाणी साठायचं, तिथे दादा तिला उताणं तरंगायला शिकवत होता. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा ते शरीर जास्त उचलून धरतं. पण अंग ताठ ठेवलं की कुठलंच पाणी कामाला येत नाही. तिची मान सारखी वर उचलली जायची आणि मग पाय खाली जायचे.

"आई, कान बुडू दे. कान बुडले की सगळं जमेल."

"अरे, काही ऐकू येणार नाही मग."

"नकोच ना ऐकूस."

मी तिच्या डोक्याखाली हात धरून उभी होते. कान पाण्यात गेले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, कपाळावरची आठी तशीच. मग हळूहळू हनुवटी वर आली, बोटं सुटली, श्वास भरला की छाती पाण्यावर येत होती, सोडला की थोडी खाली जात होती. मी हात काढून घेतला. तिला बराच वेळ कळलंच नाही. त्यानंतर ती रोज तरंगायची आणि बाहेर आल्यावर गुडघ्यांबद्दल बोलायची नाही. पाण्यात अर्धा-पाऊण तास झाला की मात्र आम्ही तिला बाहेर काढायचो. ते पाणी २८-२९ अंशांचं, उबदारच वाटतं, पण पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं आणि थोड्या वेळाने ओठ निळसर व्हायला लागतात.

खडकांच्या बाहेरच्या बाजूला आम्ही आईला नेलं नाही. तिथे लाटांच्या पांढऱ्या ओळीत एके ठिकाणी खंड पडलेला दिसायचा. पाणी काळपट, वरून अगदी शांत. नवख्याला वाटतं, उतरायला हीच जागा बरी. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी अशाच फटीतून परत समुद्रात जातं, तो रिप करंट. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग लाटांबरोबर आत यायचं. दादाने पहिल्याच दिवशी उभं राहून ती जागा दाखवली होती, आणि कोष्टकात नसताना समुद्र मागे हटताना दिसला किंवा पाणी काही वेगळंच वागू लागलं तर सामान सोडून उंचावर पळायचं, तेही सांगितलं होतं. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडच्या माइ खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने शाळेत नुकताच शिकलेला भूगोल आठवून सुनामीची खूण ओळखली आणि लोकांना किनारा रिकामा करायला लावला. ही गोष्ट आईला माहीत नव्हती. तिने मागच्या टेकडीची पायवाट स्वतः चालून बघितली.

अमावस्येच्या पहाटे ओहोटी इतकी लांब गेली होती की रोजचा किनारा ओळखू येईना. बंद बूट घालून, प्रवाळावर पाय न देता, मधल्या वाळूच्या पट्ट्यांवरून आम्ही हिंडलो. डबक्यांत समुद्रकाकड्या पडलेल्या, कपारीत काटेरी अर्चिन, एका दगडाखालून ठिसूळ ताऱ्याचे (ब्रिटल स्टार, ताऱ्याच्या आकाराचा समुद्री प्राणी) लवलवते हात. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख दिसला की हात पुढे जातो, तो आवरायचा. त्या जातीच्या गोगलगायी विषारी दंश करतात आणि काहींचा दंश माणसाच्या जिवावर बेततो. डोळ्यांनी बघायला सगळं मोकळं आहे, हातात घ्यायची गरजच नसते.

शंखांबद्दल माझं मत तर एका रात्रीत कायमचं ठरलं. मर्यादवेलीच्या कडेला, लाल उजेडात, मी हर्मिट क्रॅब बघत बसले होते. शंखात राहणारे हे खेकडे स्वतः शंख बनवू शकत नाहीत. त्यांचं पोट मऊ आणि उघडं असतं, ते मेलेल्या गोगलगायीच्या शंखात दडवून ठेवावं लागतं, आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधावा लागतो. एक रिकामा, बऱ्यापैकी मोठा शंख वाळूत पडला होता. एक खेकडा आला, तोंडापाशी नांगी घालून आतला भाग चाचपला, शंख गोल फिरवला, आणि तिथेच थांबला. त्याला तो मोठा होत होता. थोड्या वेळाने दुसरा आला, जरा लहान. तोही थांबला. मग तिसरा, चौथा. पाहता पाहता मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागली, प्रत्येकाने पुढच्याच्या शंखाला धरलेलं. खूप वेळ काहीच घडलं नाही. मग झुडपातून एक मोठा खेकडा आला, त्याने रिकामा शंख तपासला आणि क्षणात आपल्या शंखातून बाहेर पडून त्यात शिरला. त्याने सोडलेल्यात रांगेतला पहिला शिरला, पहिल्याच्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा. काही सेकंदांत सगळ्यांची घरं बदलली होती आणि शेवटी एक इवलासा, टवका उडालेला शंख वाळूत उरला. संशोधकांनी ही अदलाबदल नोंदवून ठेवली आहे, पण मला ती डोळ्यांसमोर बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला एक चांगला शंख म्हणजे अशी एक अख्खी रांग अडकून राहते. मी एकही आणला नाही.

रात्री नऊपर्यंत आकाश इतकं भरून यायचं की ओळखीची नक्षत्रं शोधावी लागायची. मृग डोक्यावर, व्याध त्याच्या खाली, आणि दक्षिणेला अगस्ती घरून दिसतो त्यापेक्षा बराच वर. उत्तरेला पुळण जिथे संपते तिथे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, ध्रुव तारा. तो जेवढे अंश वर, तेवढा आपला अक्षांश. मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, म्हणजे आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे नुसत्या हाताने मोजता येतं. दहाच्या पुढे आग्नेयेला त्रिशंकू उगवायला लागायचा. झोप त्याच्या आधीच यायची, पण पहाटे तीनला उठलं की तो दक्षिणेत उभा दिसायचा.

काळोखात पाण्यात हात घातला तेव्हा बोटांभोवती निळसर ठिणग्या उठल्या. पाण्यातले सूक्ष्म एकपेशीय जीव धक्का बसला की क्षणभर उजळतात, सेकंदाच्या दहाव्या भागाइतकेच. दादा घोटाभर पाण्यातून चालत गेला आणि त्याच्या प्रत्येक पावलाला उजेडाचं कडं उमटत होतं. आई बराच वेळ ओंजळीने पाणी उचलून सोडत होती.

उधाणाचं सर्वांत मोठं पाणी अमावस्येच्याच दिवशी येतं असं नाही, बहुतेक ठिकाणी ते एक-दोन दिवस मागाहून येतं. त्या रात्री कोष्टकाप्रमाणे पाणी एकच्या सुमारास भरायचं होतं. आम्ही तिघं मुद्दाम उठलो. लाटा जुन्या पांढुरक्या रेषेच्या वर आल्या, आणखी थोड्या वर, मग मर्यादवेलीच्या पहिल्या पानांपर्यंत पातळ फेस पोचला आणि तिथून मागे सरकला. पुन्हा दोनदा तेवढाच आला. तंबू त्याच्या बऱ्याच मागे, कोरडा. दादाने कोष्टकावर वेळेपुढे खूण केली आणि आम्ही झोपायला गेलो.

आवरताना काही गोष्टी वेळ घेतात आणि तो द्यावा. पुरलेल्या पिशव्या उकरून काढल्यावर खड्डे बुजवून वाळू सपाट केली. अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं खड्ड्यात पडली तर बाहेर निघू शकत नाहीत. चालताना सापडलेला प्लास्टिकचा कचरा एका पोत्यात भरून बरोबर घेतला. तंबू झटकला तरी त्याच्या कापडात मीठ राहतंच, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून तो घरी येईपर्यंत दमट वाटत होता. गोड्या पाण्यात बुडवून धुतला, चेनच्या दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढली आणि सावलीत वाळवला. कडक उन्हात वाळवलं की नायलॉनचं कापड लवकर कमकुवत होतं.

झोप घरीही काही दिवस तशीच राहिली, मग दिव्यांच्या उजेडात हळूहळू पुन्हा पुढे सरकायला लागली. आता अंधार पडला की मी घरातले मोठे दिवे बंद करते, एक लहान पिवळा ठेवते आणि सकाळी उठल्याबरोबर उघड्यावर जाऊन उभी राहते. बारा वाजायच्या आत डोळा लागतो, बहुतेक दिवशी अकरालाच. आईने जवळच्या तलावात तरंगायला जायला सुरुवात केली आहे, आठवड्यातून दोनदा. गोड्या पाण्यात जरा जास्त श्वास भरून ठेवावा लागतो, असं ती सांगते.